बाल्टिमोरचं मॉर्गन स्टेट: कृष्णवर्णीयांसाठी उभं राहिलेलं सरकारी विद्यापीठ नक्की काय करतं?

पाटापस्को

‘अमेरिकेत बारावीनंतर’ या धाग्यावर मागे कुणीतरी मॉर्गन स्टेट युनिव्हर्सिटीचं नाव काढलं आणि पाठोपाठ प्रतिसाद आले की ते ब्लॅक लोकांचं कॉलेज आहे, आपल्या मुलांनी तिथे कशाला जायचं, रँकिंग तरी काय. तिथे विषयांतर नको म्हणून वेगळा धागा काढतेय. मी बरीच वर्षं मेरीलँड राज्यातल्या बाल्टिमोरमध्ये राहते, शहरातल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये गणित शिकवते, माझ्या वर्गातली मुलं दर वर्षी मॉर्गनला जातात, त्यामुळे या विषयावर मला गप्प बसवत नाही. लांबलचक होणार आहे, सवडीने वाचा.

ज्यांना अजिबातच कल्पना नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेत शंभराच्या आसपास अशी कॉलेजं-विद्यापीठं आहेत ज्यांना एचबीसीयू (हिस्टॉरिकली ब्लॅक कॉलेजेस अँड युनिव्हर्सिटीज) म्हणतात. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याप्रमाणे १९६४ च्या आधी सुरू झालेली आणि कृष्णवर्णीयांना शिकवणं हाच मुख्य उद्देश असलेली संस्था म्हणजे एचबीसीयू. हॉवर्ड आणि मोरहाउस ही नावं कमला हॅरिस आणि मार्टिन ल्यूथर किंगमुळे आपल्याकडे ऐकून माहिती असतात, पण ती खासगी. सरकारी वेगळी, आणि त्यातही भर शहरात असलेली, राज्याने ‘शहराचे प्रश्न सोडवणं हे तुमचं काम’ असं सांगून ठेवलेली अजून वेगळी. मॉर्गन त्या शेवटच्या प्रकारातलं.

सुरुवात १८६७ ची, यादवी युद्ध संपून जेमतेम दोन वर्षं झाली होती. मेथडिस्ट चर्चने धर्मोपदेशक तयार करायला सेंटेनरी बिब्लिकल इन्स्टिट्यूट काढली, पुढे तिथे शिक्षक घडायला लागले, मुलीही शिकायला लागल्या, आणि १८९० मध्ये ट्रस्टींचे पहिले अध्यक्ष लिटलटन मॉर्गन यांच्या नावावरून मॉर्गन कॉलेज झालं. पहिली पदवी १८९५ मध्ये मिळाली, जॉर्ज मॅकमेकन नावाच्या तरुणाला. हा मॅकमेकन पुढे येलला जाऊन वकील झाला, बाल्टिमोरला परतला आणि १९१० मध्ये बायकामुलांना घेऊन मॅककलो स्ट्रीटवरच्या एका चांगल्या घरात राहायला गेला. त्या गल्लीत तोवर सगळे गोरे. घरावर दगड आले, आणि त्याच वर्षी बाल्टिमोरने कायदा केला की गोऱ्यांच्या ब्लॉकमध्ये काळ्यांनी आणि काळ्यांच्या ब्लॉकमध्ये गोऱ्यांनी राहायला जायचं नाही. घरांच्या बाबतीत असा कायदा करणारं हे अमेरिकेतलं पहिलं शहर, आणि कारण काय तर मॉर्गनचा पहिला पदवीधर. हे मी मुलांना सांगते तेव्हा वर्ग एकदम गप्प होतो.

कॉलेजला आत्ताची जागा मिळाली १९१७ मध्ये. अँड्र्यू कार्नेगीने पन्नास हजार डॉलर द्यायचं कबूल केलं होतं, अट अशी की आधी जुनी देणी फेडा आणि नवीन जागा घ्या. कॉलेजने पैसे जमवले, शहराच्या ईशान्येला जागा घेतली, तर तिथल्या लॉराव्हिल वस्तीचे गोरे रहिवासी कोर्टात गेले की इथे काळ्यांचं कॉलेज म्हणजे सार्वजनिक उपद्रव. खालच्या कोर्टात हरले, वरच्या कोर्टातही हरले. मग पुढच्या काळात कॅम्पस आणि शेजारची गोऱ्यांची वस्ती यांच्यामध्ये विटांची लांबच लांब भिंत उभी राहिली, लोक तिला स्पाइट वॉल, म्हणजे द्वेषाची भिंत म्हणायचे. ती आत्ता आत्तापर्यंत होती, मी गाडीतून येताजाता बघितलीय. अलीकडे विद्यापीठाने ती पाडली आणि थोडा भाग आठवण म्हणून ठेवला.

१९३९ मध्ये मेरीलँड राज्याने कॉलेज ताब्यात घेतलं, १९७५ मध्ये विद्यापीठ झालं, आणि २०१७ मध्ये विधिमंडळाने त्याला राज्याचं अग्रगण्य सरकारी शहरी संशोधन विद्यापीठ असा अधिकृत दर्जा दिला. आज दहा हजारांवर विद्यार्थी आहेत. आर्किटेक्चर, इंजिनिअरिंग, बिझनेस, सोशल वर्क, पब्लिक हेल्थ, पत्रकारिता, शिक्षणशास्त्र, सगळं आहे, पीएचडीपर्यंत. पण मला जे सांगायचंय ते हे की हे सगळं राज्याने खुशीने दिलेलं नाही, आणि ‘रँकिंग काय’ असं विचारताना तेही लक्षात घ्यायला हवं. त्यावर खाली लिहीनच. आधी तुमचे प्रश्न येऊ देत.

मंजिरी_के

खूप छान लिहिलंयस ताई. मॅकमेकनबद्दल पहिल्यांदाच वाचलं. एक बाळबोध प्रश्न, इतरांना प्रवेश असतो का? म्हणजे भारतीय मुलीने अर्ज केला तर तिची एखाद्या ब्लॅक मुलाची जागा घेतल्यासारखं नाही ना होणार? माझी भाची सध्या अकरावीला आहे, न्यू जर्सीत, तिला आर्किटेक्चर करायचंय, म्हणून विचारतेय.

पाटापस्को

@मंजिरी, बाळबोध अजिबात नाही, सगळ्यांना पडतो हा प्रश्न. प्रवेश सगळ्यांना खुला आहे आणि एका अर्थाने पहिल्यापासून खुलाच होता, दार बंद करणारे पलीकडचे होते. देशभरातल्या एचबीसीयूंमध्ये साधारण चौथा हिस्सा विद्यार्थी ब्लॅक नसलेले आहेत. वेस्ट व्हर्जिनियातलं ब्लूफील्ड स्टेट तर एचबीसीयू असूनही तिथे बहुसंख्य गोरी मुलं आहेत. मॉर्गनमध्ये बहुसंख्य ब्लॅकच आहेत, पण परदेशी विद्यार्थीही भरपूर, नायजेरिया, नेपाळ, भारत, सौदी, सगळीकडचे.

न्यू जर्सी म्हणजे परराज्य, फी जास्त पडेल. मेरीलँडच्या मुलांना वर्षाची फी साधारण आठ हजार डॉलरच्या आसपास, बाहेरच्यांना त्याच्या दुपटीहून जास्त, राहणं-जेवण वेगळं. स्कॉलरशिपबद्दल मात्र नीट चौकशी करायला सांग, अर्ज जितका लवकर तितकं बरं.

नागसेनवन

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी औरंगाबादचा (आता छत्रपती संभाजीनगर). माझे वडील मिलिंद कॉलेजचे. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये आमच्याकडे मराठवाड्यात मिलिंद. निजामाच्या राजवटीतून नुकत्याच बाहेर आलेल्या मराठवाड्यात दलित मुलाला बीए करायचं म्हणजे काय होतं ते वडिलांकडून ऐकलंय. हॉस्टेल होतं म्हणून ते शिकले. नुसतं कॉलेज असून भागत नाही, तिथे राहायला खोली, जेवायला ताट आणि ‘तुला जमणार आहे’ असं म्हणणारा प्राध्यापक लागतो. वडील आजही त्यांच्या इंग्रजीच्या सरांचं नाव घेताना उठून बसतात.

आणि अमेरिकेतल्या या लढ्याशी आपला संबंध नवा नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. म्हणजे पाटापस्कोताईंनी लिहिलंय ते बाल्टिमोरचं कॉलेज सुरू होऊन सहाच वर्षं झाली होती. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, तिकडचे निग्रो लोक संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज करणार होते त्याच्या प्रती मागवल्या, कारण अस्पृश्यांच्या वतीने तसंच काही करायचं त्यांच्या मनात होतं. ड्यू बॉइसनी उत्तरही दिलं. हा पत्रव्यवहार उपलब्ध आहे, जरूर शोधून वाचा.

पाटापस्को

@नागसेनवन, किती मोलाचं लिहिलंत दादा. आणि ऐका, ते ड्यू बॉइस याच काळात मॉर्गनला लागून असलेल्या मॉर्गन पार्कमध्ये घर बांधून होते! कॉलेजने प्राध्यापकांना राहायला जागा हवी म्हणून ती वसाहत वसवली होती, कारण ब्लॅक प्राध्यापकाला शहरात धड घर मिळायचं नाही. घर अजून आहे, माँटबेलो टेरेसवर, छोट्याशा शांत गल्लीत.

ठाणेकर_बाबा

इतिहास चांगला आहे, मान्य. पण पालक म्हणून सरळ विचारतो, राग मानू नका. मुलाला चार वर्षं पाठवायचं, कर्ज काढायचं, तर डिग्रीला बाजारात किंमत काय? शिक्षणाचा दर्जा कसा आहे? आणि दुसरं, आजच्या काळात अशी वेगळी विद्यापीठं कशाला? सगळे एकत्र शिकले तर जास्त चांगलं नाही का? मला खरंच समजून घ्यायचंय.

रेषा_आणि_नकाशे

@ठाणेकर_बाबा, काका, पहिल्या प्रश्नाचं मी सांगते. मी नाशिकची, तिथे बी.आर्क. केलं, आणि आता मॉर्गनमध्ये सिटी अँड रीजनल प्लॅनिंगचं मास्टर्स करतेय.

आमच्या इमारतीत आर्किटेक्चर, लँडस्केप, प्लॅनिंग, सिव्हिल आणि ट्रान्स्पोर्टेशन सगळं एका छताखाली आहे. म्हणजे मी रस्त्याचा आराखडा काढते तेव्हा वरच्या मजल्यावर ट्रॅफिकवाल्यांकडे जाऊन भांडून येऊ शकते. भारतात आमचं कॉलेज आणि सिव्हिलवाले एकाच संस्थेत असून पाच वर्षांत एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

पहिल्या सेमिस्टरला स्टुडिओत आम्हाला पूर्व बाल्टिमोरमधला एक ब्लॉक दिला होता. बाल्टिमोरमध्ये रो-हाउसेस असतात, एकाला एक चिकटलेली अरुंद विटांची घरं, दारासमोर पांढऱ्या संगमरवराच्या तीन-चार पायऱ्या. शहरात रिकामी पडलेली घरं हजारोंनी आहेत. आमच्या ब्लॉकमध्ये मधली काही पडीक, खिडक्यांना प्लायवूड ठोकलेलं, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना माणसं राहतात. एक आजी रोज सकाळी आपल्या पायऱ्या घासून धुवायच्या आणि शेजारच्या पडीक घराच्या पण धुवायच्या. आम्ही टेप घेऊन मोजायला गेलो तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘तुम्ही मोजून गेल्यावर परत येणार का?’ कारण मोजून जाणारे खूप येऊन गेलेत. आमच्या प्रोफेसरांचा नियमच आहे की सेमिस्टर संपताना सगळी ड्रॉइंग्ज त्याच ब्लॉकवर नेऊन लोकांना दाखवायची, त्यांनी नावं ठेवली तर बदलायची. आजींनी माझ्या आराखड्यातला बाक काढायला लावला, म्हणाल्या तिथे उन्हात कोण बसणार, आधी झाड लाव. मास्टर्समध्ये इतकं कामाचं मला दुसऱ्या कुणी शिकवलं नाही.

शहरी विद्यापीठ म्हणजे हे. कॅम्पसच्या आजूबाजूच्या वस्त्यांसाठी मॉर्गन कम्युनिटी माइल नावाचा उपक्रम आहे, त्यात आरोग्य, शाळा, घरं, सुरक्षितता सगळ्यावर लोकांबरोबर काम चालतं. ‘ब्लॅक बटरफ्लाय’ हा शब्द बाल्टिमोरबद्दल वाचताना सगळीकडे दिसतो, म्हणजे नकाशावर ब्लॅक वस्ती पूर्व-पश्चिमेला फुलपाखराच्या पंखांसारखी पसरलेली आणि पैसा मधल्या पट्ट्यात. तो शब्द मॉर्गनमध्ये तेव्हा पब्लिक हेल्थ शिकवणाऱ्या लॉरेन्स ब्राउन यांनी रुळवला.

नोकरीचं म्हणाल तर इंजिनिअरिंगच्या मुलांना घ्यायला कंपन्या कॅम्पसवर येतात, सरकारी खाती येतात, वॉशिंग्टन जवळ असल्याचा फायदा होतो. नासाबरोबर मोठा संशोधन करार आहे, एआयमधल्या भेदभावावर काम करणारं केंद्र आहे, स्वतः चालणाऱ्या व्हीलचेअरवर काम झालंय, विमानतळासारख्या ठिकाणी अपंग प्रवाशांना वापरता येईल अशी. ॲक्चुरियल सायन्सची, म्हणजे विम्यासाठी लागणाऱ्या जोखमीच्या गणिताची डिग्री आहे. आणि हो, पॅटक्सेंट नदीवर मॉर्गनची प्रयोगशाळा आहे, तिथे कालवं (ऑयस्टर, शिंपल्यातले जीव) वाढवतात. चेसापीक उपसागरातली कालवं पूर्वी अमाप होती, ती अतोनात उपसा आणि रोगराईने संपत आली, आणि एक मोठं कालव दिवसाला दीडेकशे लिटरच्या वर पाणी गाळून स्वच्छ करू शकतं, म्हणून ते काम महत्त्वाचं. माझी रूममेट तिथे आहे, घरी येते तेव्हा सगळ्या घराला खाडीचा वास येतो.

पाटापस्को

@ठाणेकर_बाबा, राग कसला, तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठीच धागा काढलाय.

सगळे एकत्र शिकावेत हे कुणाला नको होतं? मेरीलँडच्या सरकारी विद्यापीठाने ब्लॅक विद्यार्थ्यांना लॉ स्कूलमध्ये प्रवेश नाकारला म्हणून १९३५-३६ मध्ये डोनाल्ड मरेची केस झाली, आणि ती लढवली बाल्टिमोरच्याच थरगूड मार्शलनी, जे पुढे सुप्रीम कोर्टाचे पहिले ब्लॅक न्यायमूर्ती झाले. राज्य तेव्हा काय करायचं, तर ब्लॅक विद्यार्थ्याला थोडेसे पैसे हातात द्यायचं की जा दुसऱ्या राज्यात शीक. केस हरल्यावर तीनच वर्षांनी राज्याने मॉर्गन विकत घेतलं. म्हणजे सरकारी मॉर्गनचा जन्मच मुळी वेगळं ठेवण्याच्या सोयीतून झालाय, आणि तिथल्या लोकांनी त्यातून विद्यापीठ घडवलं.

१९५४ ला ब्राउन केसचा निकाल लागला, शाळा एकत्र करा म्हणून. मग कॉलेजांचं काय करायचं? एक साधा रस्ता होता. मॉर्गनला असे कोर्स द्या जे आसपास दुसरीकडे नाहीत, म्हणजे गोरी मुलं आपणहून येतील. आणि हे होत होतं! मॉर्गनच्या एमबीएला १९७० च्या दशकात गोरे विद्यार्थी येत होते. मग राज्याने जवळच्या, पूर्वी फक्त गोऱ्यांच्या असलेल्या विद्यापीठांना तेच कोर्स काढू दिले. टावसन मॉर्गनपासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर आहे. तिथे तोच कोर्स निघाला की गोरी मुलं तिकडे, पैसा तिकडे, प्राध्यापक तिकडे. आणि मग दहा वर्षांनी कुणीतरी विचारणार की मॉर्गनमध्ये फक्त ब्लॅकच का.

२००५ मध्ये टावसन आणि युनिव्हर्सिटी ऑफ बाल्टिमोरला मिळून एमबीए काढायची परवानगी मिळाली, मॉर्गनने जोरदार विरोध करूनही. २००६ मध्ये माजी विद्यार्थी आणि हितचिंतकांच्या एका आघाडीने राज्यावर खटला भरला. मेरीलँडमध्ये सरकारी एचबीसीयू चार: मॉर्गन, कॉपिन, बोवी आणि ईस्टर्न शोअर. फेडरल कोर्टात न्यायाधीश कॅथरीन ब्लेक यांनी २०१३ मध्ये निकाल दिला. पैशाच्या वाटपाबद्दलचा मुद्दा त्यांनी मान्य केला नाही, पण कोर्सेसची विनाकारण नक्कल करून राज्याने जुनी विभागणी चालूच ठेवली हे स्पष्ट मान्य केलं. त्यानंतर तडजोडीच्या बैठका, अपील, परत बैठका. २०२० मध्ये विधिमंडळाने पैसे द्यायचा कायदा केला तर गव्हर्नर होगननी नकाराधिकार वापरला. शेवटी २०२१ मध्ये, सभागृहाच्या अध्यक्ष एड्रियन जोन्स यांनी पुन्हा नेटाने रेटल्यावर, होगननीच सही केली: चार विद्यापीठांना मिळून दहा वर्षांत ५७.७ कोटी डॉलर, स्कॉलरशिप, प्राध्यापक आणि नवीन कोर्सेससाठी. पंधरा वर्षं लागली. २००६ मध्ये माझ्या वर्गात बसलेली मुलं तोवर तिशीची झाली होती. आणि २०२३ मध्ये टावसनच्या बिझनेस ॲनालिटिक्स पीएचडीवरून हाच वाद परत उभा राहिला.

म्हणून मला रँकिंगचा प्रश्न विचारला की मी म्हणते, शर्यतीत एकाच्या पायाला दगड बांधून वेळ मोजायची हा कुठला न्याय. तरीही हे विद्यापीठ संशोधनात वर चढतंय. अब्जाधीश मॅकेंझी स्कॉट यांनी २०२० मध्ये चार कोटी डॉलर दिले, २०२५ मध्ये अजून सहा कोटी तीस लाख, कसलीही अट न घालता. परोपकारी बाई आहेत म्हणून ठीक, पण सरकारी विद्यापीठ सरकारने चालवायला हवं.

विदुला_बॉस्टन

पाटापस्को, हा खटल्याचा भाग मी नवऱ्याला वाचून दाखवला, तो म्हणाला की आमच्या ऑफिसातल्या कुणालाच हे माहीत नसेल. एक काळजीचा प्रश्न, बातम्यांमध्ये गोळीबाराचं वाचलं होतं मॉर्गनच्या. सुरक्षितता कशी आहे?

रेषा_आणि_नकाशे

@विदुला, हो, ऑक्टोबर २०२३ मध्ये होमकमिंगच्या (माजी विद्यार्थी परत येतात त्या वार्षिक सोहळ्याच्या) आठवड्यात कॅम्पसवर गोळीबार झाला, पाच जण जखमी झाले. मी तेव्हा इथे नव्हते पण सीनियर्स अजून त्याबद्दल बोलताना अडखळतात. त्यानंतर पोलिस वाढवले, आणि कॅम्पसभोवतीचं कुंपण वाढवायचं ठरलं. त्यावर इथे बराच वाद झाला, कारण भिंतीचा इतिहास तुम्ही वर वाचलातच, काही लोकांचं म्हणणं की ज्या शहरासाठी आपण आहोत त्याच्यापासून स्वतःला कोंडून घ्यायचं का. मला दोन्ही बाजू पटतात. रात्री लायब्ररीतून येताना मी शटलने येते, एकटी चालत नाही, पण हे मी कुठल्याही मोठ्या शहरात केलं असतं. घाबरून राहते असं अजिबात नाही.

मंजिरी_के

शेजारी पोरं हिंडतात-फिरतात कुठे? भाचीचा पहिला प्रश्न हाच असणार :)

पाटापस्को

कॅम्पसला लागूनच नॉर्थवुड म्हणून शॉपिंग सेंटर आहे, बरीच वर्षं ओस पडलं होतं, आता नव्याने बांधलंय. सुपरमार्केट आहे, विद्यापीठाचं पुस्तकांचं दुकान आहे, खायची ठिकाणं आहेत. आणि मंजिरी, भाचीला त्या जागेची गोष्ट नक्की सांग.

तिथे पूर्वी नॉर्थवुड थिएटर होतं, कॉलेजच्या दाराशी, आणि मॉर्गनच्या मुलांना तिकीट मिळायचं नाही. वर्षानुवर्षं निदर्शनं चालू होती. फेब्रुवारी १९६३ मध्ये मुलांनी ठरवलं की आता अटक करून घ्यायची. रोज संध्याकाळी जायचं, तिकीट मागायचं, नाही म्हटलं की हलायचं नाही. आठवड्याभरात चारशेच्या वर अटका झाल्या, बहुतेक मॉर्गनचे विद्यार्थी, शेजारच्या गोऱ्या कॉलेजांतलीही काही मुलं सामील झाली. तुरुंगात जागा उरेना. जामीन मोठा लावला तरी मुलं आत बसून राहिली, मुली तर तिथेच अभ्यास करत होत्या. शेवटी थिएटरवाल्यांनी मान्य केलं.

त्याच्याही आधी, जानेवारी १९५५ मध्ये, मॉर्गनची मुलं आणि नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या कोअर संघटनेचे लोक शहरातल्या रीड्स ड्रगस्टोअरच्या लंच काउंटरवर जाऊन बसले. अर्धा तास पण नाही बसले, पण त्याच आठवड्यात रीड्सने बाल्टिमोरमधली आपली सगळी काउंटर्स सर्वांना खुली केली. नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोचं काउंटरवरचं आंदोलन जगाला माहीत आहे ते १९६० चं, तेही एचबीसीयूच्याच चार मुलांनी केलेलं. बाल्टिमोर त्याच्या पाच वर्षं आधी.

ठाणेकर_बाबा

पाटापस्कोताई, रेषाताई, मनापासून आभार. खटल्याबद्दल वाचून माझा दुसरा प्रश्न मला आता वेगळाच वाटायला लागलाय. आपल्याकडेही सरकारी शाळा ओस पाडायच्या आणि मग पट कमी म्हणून बंद करायच्या हे डोळ्यांदेखत बघतोय, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो. पण अजून एक विचारतो. गरीब घरातली मुलं येतात, अर्धवट तयारीने येतात, मग मध्येच सोडून जात नाहीत का? आमच्याकडे तोच मोठा प्रश्न होता.

पाटापस्को

काका, तुम्ही बरोबर दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. जातात. आणि मुख्य कारण बुद्धी नसते, पैसे असतात. फीचे काहीशे डॉलर बाकी राहिले की पुढच्या सेमिस्टरची नोंदणी होत नाही, मूल म्हणतं एक वर्ष काम करतो मग येतो, आणि ते वर्ष दहा वर्षांचं होतं. माझी एक विद्यार्थिनी अशीच गेली. गणितात उत्तम, मॉर्गनला इंजिनिअरिंगला लागली, तिसऱ्या वर्षी आई आजारी पडली, धाकटी दोन भावंडं, हिने गोदामात रात्रपाळी धरली. बरीच वर्षं मला ती फक्त सुपरमार्केटमध्ये भेटायची आणि डोळे चुकवायची.

मॉर्गनने अशांसाठी वेगळं कॉलेजच काढलंय, अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला. आधीचे क्रेडिट्स धरतात, नोकरीतला अनुभव तपासून त्याचेही क्रेडिट्स देता येतात, वेगवेगळ्या विषयांतले तुकडे जोडून पदवी होते, बरंचसं ऑनलाइन. बाल्टिमोरसारख्या शहरात थोडंफार कॉलेज झालेली पण पदवी नसलेली माणसं गल्लीगल्लीत आहेत, त्यामुळे शहरी विद्यापीठाने हे करायलाच हवं होतं. तिने मागच्या वर्षी परत नाव घातलं. इंजिनिअरिंग नाही, आता तिला संस्था चालवण्याचं काम शिकायचंय. गोदामात ती शिफ्टची प्रमुख आहे. रविवारी माझ्याकडे सांख्यिकी करायला येते, मुलाला घेऊन येते, तो माझ्या मांजराशी खेळतो आणि आम्ही दोघी स्टँडर्ड डेव्हिएशन घेऊन बसतो. या सेमिस्टरला तिला त्यात ए मिळाला.

नागसेनवन

ताई, तिला आमच्याकडून अभिनंदन सांगा. वडिलांना संध्याकाळी फोनवर हा सगळा धागा वाचून दाखवला. ते विचारत होते की तिथे हॉस्टेल पुरेसं आहे का.

रेषा_आणि_नकाशे

@नागसेनवन, काकांना सांगा, पुरत नाही. विद्यार्थी इतके वाढलेत की नवीन हॉस्टेलं बांधूनही कमी पडतायत, एकाला थरगूड मार्शलचं नाव दिलंय. मी बाहेर भाड्याने राहते. @मंजिरी, भाचीने पहिल्या वर्षापासून कॅम्पसवर राहायचं ठरवलं असेल तर प्रवेशाबरोबरच हॉस्टेलचा अर्ज भर म्हणावं, नंतर यादी लांबते. आणि आर्किटेक्चरसाठी आत्तापासून हाताने स्केचेस काढत राहू दे, कॉम्प्युटरवरची नकोत, घरातलं स्वयंपाकघर, जिना, बसस्टॉप, काहीही. मला व्यक्तिगत निरोप (व्यनि) कर, मी तिच्याशी बोलेन.

मंजिरी_के

केलाय व्यनि. ती न्यू जर्सीहून ट्रेनने येऊन बघायचं म्हणतेय, एप्रिलमध्ये. पाटापस्कोताई, तुमच्याकडे उतरली तर चालेल का एक रात्र?

पाटापस्को

अगं विचारतेस काय. स्टेशनवर घ्यायला येईन. शनिवारी आण तिला, म्हणजे रविवारी आमच्या सांख्यिकीवालीशीही भेट होईल, आणि वेळ असला तर मॉर्गनचा कॉयर कुठे गात असेल तर तिथेही जाऊ, तो ऐकायलाच हवा.